नांगराची चौदा बटणं

काकांनी पिशवीतून ब्लेझर काढला आणि माझ्या शिवणकामाच्या दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळ्यात आधी बटणं दिसली. कापड नंतर दिसलं. गडद निळा, डबल ब्रेस्टेड, नव्वदच्या दशकातला, अस्तर अजून शाबूत. पुढे सहा मोठी बटणं, दोन्ही बाह्यांना चार-चार लहान. सगळी पिवळीधमक, आरशासारखी.

"कापड उत्तम आहे, अंगालाही बसतो," काका म्हणाले. "फक्त या बटणांची चकाकी उतरवायची आहे."

काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी खरं कारण सांगितलं. मागच्या मे महिन्यात एका लग्नात काका हाच ब्लेझर घालून मांडवाच्या दाराशी उभे होते, तेव्हा मुलाकडच्या एका गृहस्थाने त्यांना बँडवाले समजून विचारलं होतं, "मास्तर, वरात कधी हलवायची?" आता अकरा दिवसांवर नातीचा साखरपुडा होता. पुन्हा तोच प्रकार काकूंना नको होता.

दहातल्या नऊ गिऱ्हाइकांना अशा वेळी मी एकच सांगते: बटणं बदला. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत कसल्याही फिनिशची बटणं मिळतात, काळपट, तांबूस, घासल्यासारखी, हवी तशी. चौदा बटणं आणायची, तासाभरात लावायची, काम संपलं. काकांनाही तेच सांगितलं. त्यांनी एक मोठं बटण माझ्यासमोर धरलं. काठाला पिळाच्या दोराची नक्षी, मध्ये जहाजाचा नांगर. काका मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये होते. ही बटणं त्यांच्या पहिल्या युनिफॉर्मच्या कोटाची. कोट कधीच गेला, बटणं या ब्लेझरवर आली. तीसएक वर्षं ते ती ब्रासोने घासत होते. बटण बदलायचा प्रश्न तिथेच मिटला.

त्यांना हवं होतं ते एका वाक्यात असं: देवघरातली जुनी समई न घासता वर्षभर ठेवली तर जशी दिसते तसं, नांगर मात्र दिसला पाहिजे. गिऱ्हाईक इतकं नेमकं क्वचित बोलतं.

हातात नेमकं काय आहे

आधी सगळी बटणं उतरवली. युनिफॉर्मची अशी बटणं अनेकदा कोटाला शिवलेली नसतात. कापडाला भोक असतं, बटणाची कडी त्यातून आत जाते आणि आतून एक रिंग अडकवतात, म्हणजे पॉलिशसाठी बटण काढता येतं. ब्लेझरला अशी भोकं नव्हती, म्हणून दोऱ्याने शिवलेली होती आणि काका ती कोटावरच घासायचे. त्यासाठी त्यांच्याकडे पितळेची एक चपटी पट्टी आहे, मध्ये लांब खाच असलेली. ती बटणाखाली सरकवायची, म्हणजे पॉलिश कापडाला लागत नाही. लागत नाही असं म्हणायचं. प्रत्येक बटणाभोवती निळ्या लोकरीवर पांढुरकं वर्तुळ होतंच. ते मी नंतर कोरड्या ब्रशने आणि मग ओलसर फडक्याने काढलं.

बटण उलटं करून पाहिलं. हे बटण भरीव नसतं. पुढचा फुगीर भाग म्हणजे पातळ पत्र्याची वाटी, साच्यात दाबून काढलेली. मागे सपाट चकती, तिला तारेची कडी. वाटीचा काठ चकतीवर दुमडून बंद केलेला. आत पोकळी. पुढे सगळा घोळ झाला तो या पोकळीमुळे, आणि ती मला पहिल्या दिवशी दिसूनही दिसली नाही.

मग चुंबक लावला. एकही बटण चिकटलं नाही. म्हणजे आत लोखंड नाही, सगळं पितळ, अशी वहीत नोंद केली. ही नोंद चुकीची होती. तेही पुढे येईल.

काकूंच्या बटणांच्या डब्यात, म्हणजे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, त्याच जातीचं एक मोठं बटण सापडलं. जरा चेपलेलं, पण अस्सल. ते माझं परीक्षेचं बटण. असं एक जादा बटण असल्याशिवाय हे काम हातात घेऊ नये, असं मी आता कोणालाही सांगेन.

जे केलं नाही

पहिला सल्ला शेजारच्या दुकानदाराचा: मोटारसायकलच्या टचअपचा काळा स्प्रे मारा. पाच मिनिटांत होईल, हे खरं. पण रंगाचा थर दोराच्या पिळात भरतो, नक्षी बुजते, आणि बटण काजातून येताजाता काठावरचा रंग आधी उडतो. मग काळ्यातून पिवळी कड दिसते, ती चकाकीपेक्षा वाईट.

दुसरा सल्ला काकूंचा, आणि तो ऐकून मला खरंच मोह झाला. कल्हई. कसब्यातल्या तांबट आळीत अजून ठोक्यांचं मठारकाम चालतं, पितळेशी बोलणारी माणसं तिथे आहेत, आणि कल्हईचा पांढुरका, किंचित राखाडी रंग निळ्या कापडावर सुरेख दिसला असता. पण कथील वितळतं 232 अंशांना. बटणाची कडी मागे डाकाने जोडलेली असेल, आणि डाक शिसे-कथलाचं साधं असेल, तर ते 183 अंशांच्या आसपासच सुटायला लागतं. कल्हई बसेपर्यंत कड्या हातात आल्या असत्या. शिवाय कल्हईला लागतो नवसागर, आणि नवसागर म्हणजे अमोनियाचंच एक मीठ.

अमोनियाचं नाव निघालं ते बरं झालं, कारण माझ्या मनात तीच रीत होती. पितळ झटपट जुनं दिसायला हवं असेल, तर बंद डब्यात तळाशी अमोनियाचं पाणी ठेवायचं, वर जाळीवर पितळेची वस्तू ठेवायची, वाफेने ती तपकिरी होते. कड्याकोयंड्यांसाठी हे करतात. द्रावण बटणाला लागत नाही, पुसायची कटकट नाही. मी काकांना फोनवर सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "ताई, पितळ आणि अमोनिया एका डब्यात? मी अख्खी नोकरी ते दोघं एकत्र येऊ नयेत म्हणून केली."

मग त्यांनी सांगितली ती हकीकत आपल्याच देशातली निघाली. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पितळी नळकांड्यांना हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. कोणी आपटली नाहीत, कोणी डागली नाहीत, नुसती ठेवलेली. इंग्रजीत त्या तड्यांना 'सीझन क्रॅकिंग' असं नाव आहे. उलगडा व्हायला 1921 उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की दारूगोळा पागांमध्ये ठेवला जायचा, घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघायचा, दमट हवेत तो पितळेवर बसायचा. पण नुसता अमोनिया पुरत नाही. नळकांडं थंड पत्रा ओढून केलेलं, त्यामुळे धातूत आतून ताण कोंडलेला असतो. अमोनिया त्या ताणलेल्या जागी, धातूच्या कणाकणांच्या सांध्यांत शिरतो आणि पितळ तडकतं. उपाय सोपा होता, नळकांडी हलक्या आचेवर तापवून ताण काढून टाकायचा.

आता बटणाची वाटी पुन्हा बघा. थंड पत्रा, साच्यात दाबलेला, काठ दुमडलेला. दुमडलेल्या काठाइतका ताण दुसरा कुठे असणार? एका रात्रीच्या वाफेने बटण फुटलंच असतं असं काका म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण चाळीस-पन्नास वर्षांचं बटण, त्याच्याजागी दुसरं मिळणार नाही, आणि तडा गेला तर तो नेमका बटण बांधून ठेवणाऱ्या काठाला जाणार. अमोनिया रद्द.

मीठ-व्हिनेगरचा घरगुती उपायही त्याच दिवशी रद्द केला. त्याने रंग येतो, हिरवट येतो, पण मिठातलं क्लोराइड तांब्याच्या धातूंना सोडत नाही. दमट हवा मिळाली की आतल्या आत खात राहतं. संग्रहालयवाले याला कांस्यरोग म्हणतात. पोकळ बटणात मिठाचं पाणी गेलं तर ते बाहेर काढणार कसं?

अंडं

उरला गंधक. आपण ज्याला ऑक्सिडाइज्ड दागिने म्हणतो त्यात ऑक्सिजनचा फारसा संबंध नसतो. चांदीवरचा तो काळा थर गंधकाचा, सिल्व्हर सल्फाइड. तांब्यावरही गंधक झटकन बसतो. सोपी परीक्षा म्हणून एक अंडं कडक उकडलं, गरम असताना कुस्करलं, बरणीत घातलं आणि परीक्षेचं बटण दोऱ्याने वर टांगून झाकण लावलं. सोबत म्हणून एक तांब्याच्या तारेचा तुकडाही.

सकाळी तार गडद तपकिरी झाली होती. बटण जेमतेम पिवळ्याचं मळकट पिवळं, तेही डागाडागांनी. जिथे माझं बोट लागलं होतं तिथे ठसा स्पष्ट उमटला होता.

त्यात दोन गोष्टी कळल्या. एक, तीस वर्षांच्या ब्रासोचा तेलकट पापुद्रा बटणावर आहे, तो गेल्याशिवाय काहीच सारखं बसणार नाही. दोन, पितळेतलं जस्त आडवं येतं. गंधकाला तांबं हवं असतं, आणि पितळेच्या पृष्ठभागावर ते जस्ताबरोबर वाटून घ्यावं लागतं. म्हणून बटणाला आधी वरून तांब्याचं करायला हवं होतं.

मोरचूद

हे ऐकायला मोठं वाटतं, पण द्राक्षबागवाल्यांच्या घरात जो निळा खडा असतो तोच इथे लागतो. मोरचूद. म्हणजे तांब्याचं मीठ. अर्धा कप पाण्यात दोन चिमटी, लिंबाचे चार थेंब. या निळ्या पाण्यात पितळ नुसतं बुडवलं तर काही होत नाही. पण ओल्या पितळेला लोखंड टेकवलं की मजा सुरू होते. लोखंड पाण्यात उतरायला लागतं आणि त्याच्या बदल्यात पाण्यातलं तांबं बाहेर पडून शेजारच्या पितळेवर बसतं.

परीक्षेचं बटण आधी भांड्याच्या साबणाने, मऊ टूथब्रशने धुतलं. दोराच्या पिळात साचलेली ब्रासोची पांढरी पूड टूथपिकने उकरून काढली. ती किती निघाली ते सांगितलं तर काकांना वाईट वाटेल. मग बोट न लावता, कडीला दोरा बांधून, बटण निळ्या पाण्यात सोडलं आणि चार शून्याच्या बारीक स्टील वूलचा, म्हणजे केसासारख्या लोखंडी तारांचा, बोंडाएवढा गोळा हलकेच फिरवला. जिथे गोळा टेकला तिथून गुलाबी डाग पसरला. अर्ध्या मिनिटात नांगर नव्या तांब्याच्या गडूसारखा गाजरी झाला. मी दुकानात एकटीच होते, तरी "अरे वा" असं मोठ्याने म्हणाले.

धुतलं. आणि इथे दोनदा धुतलं, कारण पुढच्या पाण्याशी आंबटपणाचं वैर आहे. चांदीवाल्याकडून आणलेलं गंधक-पोटॅशचं द्रव्य, ज्याने ते दागिने काळे करतात, त्याचा हरभऱ्याएवढा खडा कपभर कोमट पाण्यात विरघळवला. त्यात आम्ल पडलं तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड भसकन सुटतो, आणि तो विषारी असतो. म्हणून हे सगळं गच्चीवर, हातमोजे घालून, स्वयंपाकघरातल्या एकाही भांड्याला हात न लावता. उरलेलं मोरचुदाचं पाणी कुंडीत ओतायचं नाही, झाडं जातील.

बटण गंधकाच्या पाण्यात गेल्यावर रंग डोळ्यांसमोर पळतात. गाजरी, मग मधाचा, मग तपकिरी, आणि लक्ष चुकलं की जांभळट निळा, शेवटी कोळशासारखा. मी तपकिरीला काढलं, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून पुढची करणी थांबवली, धुतलं, पुसलं, वर बिनरंगी बूटपॉलिशचं बोट फिरवलं. नांगर उठून दिसत होता, खाचा काळोख्या, वर मंद तपकिरी चमक. टिश्यूवर ठेवलं आणि घरी गेले.

सकाळचा थेंब

दुसऱ्या दिवशी टिश्यूवर, बटणाच्या मागे, कडीच्या बुडाशी, हिरवट काळा डाग होता. आठ आण्याच्या नाण्याएवढा. बटण उचलून कानाशी हलवलं तर आत काहीतरी अगदी बारीक हललं.

बटण बुडवलं तेव्हा दुमडलेल्या काठातून तिन्ही पाणी आत शिरली होती, मोरचुदाचं, गंधकाचं, सोड्याचं. वरून धुणं झालं, आतलं आतच राहिलं आणि रात्रभर कडीच्या भोकातून पाझरलं. हे ब्लेझरवर झालं असतं तर साखरपुड्याच्या हॉलमध्ये काकांच्या छातीवर सहा हिरवे डाग. कापडाला लागलेलं तांब्याचं पाणी निळ्या लोकरीतून पूर्ण निघालं असतं असं मला वाटत नाही.

हेअर ड्रायरने तासभर वाळवलं. तरी मी ते बटण ब्लेझरला लावायचं नाही असं ठरवलं आणि दुकानाच्या खिडकीत ठेवून दिलं.

रीत तीच ठेवली, बुडवणं बंद केलं. बटण तोंड वर करून मातीच्या गोळ्यात, मुलं खेळतात त्या रंगीत चिकणमातीत, कडी आणि काठ गाडून बसवायचं. वर फक्त फुगीर तोंड उघडं. निळं पाणी इअरबडने लावायचं, त्यावर स्टील वूलचं टोक फिरवायचं, ओल्या कापसाने तीनदा पुसायचं. मग दुसऱ्या इअरबडने गंधकाचं पाणी, मग सोड्याचा कापूस, मग साध्या पाण्याचा. एका बटणाला पंधरा मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण रंगावर ताबा खूप जास्त राहतो. काठाजवळ दोराच्या पिळात इअरबड दाबून धरला की तिथे जास्त गडद, नांगराच्या माथ्यावर नुसता फिरवला की फिकट.

दोन बटणांवर पिळाच्या खोबणीत एक पिवळी रेघ हट्टाने तशीच होती. मूळचा सोन्याचा मुलामा असावा, ब्रासो तिथे पोचलाच नव्हता. गंधक सोन्याला हात लावत नाही. पण तांबं सोन्यावरही बसतं, आणि तांब्यावर गंधक. नुसत्या गंधकावर गेले असते तर उलटंच झालं असतं, खोबण चकचकीत आणि माथा काळा.

एक बटण माझ्या हातून जांभळं झालं. त्याला काकांचाच ब्रासो लावला, दोन मिनिटांत पुन्हा पिवळं, पुन्हा पहिल्यापासून. काकांनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा या कामावर खरा विश्वास बसला. उद्या मन बदललं तर बटणं पुन्हा चकाकू शकतात, हे त्यांना ऐकायचं होतं.

दोन बटणं खोटी

मोठी सहा संपली. लहान आठांपैकी सहा सरळ गेली. सातवं तांबं घेईना. स्टील वूल फिरवलं तर नुसत्या चरा पडल्या, गुलाबी काहीच नाही. मला वाटलं, वर लॅकरचा पारदर्शक थर असेल, म्हणून पाणी धातूला भेटत नाही. लॅकर काढायला नेलपॉलिश रिमूव्हर, म्हणजे अ‍ॅसिटोन. इअरबड बुडवून काठावर फिरवला.

काठ चिकट झाला. इअरबडचा कापूस त्याला धरून बसला. ओढला तर सोनेरी पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघाला आणि खाली पांढुरकं प्लॅस्टिक.

आठवंही तेच. दोन्ही डाव्या बाहीचीच. कधीतरी तुटून हरवली असणार आणि कोणा शिंप्याने सारखी दिसणारी आणून लावली असणार, नांगरही होता, फक्त दोराचा पीळ जरा भोंगळ. प्लॅस्टिकवर धातूचा मुलामा चढवलेली बटणं आता सर्रास मिळतात. चुंबकाने मला फसवलं असं म्हणायला मोकळी आहे, पण चुंबकाने एवढंच सांगितलं होतं की हे लोखंड नाही. प्लॅस्टिकही लोखंड नसतं. दातांवर टकटक करून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं: पितळ दाताला गार लागतं आणि टण् वाजतं, प्लॅस्टिक कोमट आणि मुकं. तळहातावर तोललं असतं तरी कळलं असतं. आता मी प्रत्येक बटण वेगवेगळं दाताला लावते, गिऱ्हाईक बघत नसताना.

आता हातात सहा लहान बटणं, आणि साखरपुड्याला चार दिवस. प्लॅस्टिकच्या दोघांना रंगवून बाकीच्यांत लपवायचा विचार केला आणि सोडला. जवळून बघणारा माणूस फसत नाही, आणि काका जवळूनच बघणार होते. बोहरी आळीत नांगराची लहान पितळी बटणं असतील, पण हाच पीळ, हाच नांगर मिळेलच असं नाही, आणि सहाला दोन परकी बटणं लागून पुन्हा तीच गत.

मग शिवणकामातलं उत्तर दिसलं. सहाला दोनने भागलं की तीन येतात. बाहीला तीन बटणं ब्लेझरला शोभतात, चार असलीच पाहिजेत असं काही नाही. ही बटणं नुसती शोभेची, काजं खोटी, वरून दोऱ्याने विणलेली. प्रत्येक बाहीवरचं मनगटापासून सगळ्यात लांबचं खोटं काज ब्लेडच्या टोकाने उसवलं, सुईच्या भोकांवर ओलं फडकं ठेवून वाफ दिली, ब्रशने लोकर बसवली. डाव्या बाहीवर उजेडात तिरकं धरलं तर अजून किंचित खूण दिसते. मी काकांना ती दाखवून दिली, आपण होऊन.

लावताना

शिवण्याआधी प्रत्येक बटणावरचे स्टील वूलचे तुसे कोरड्या टूथब्रशने झटकले. ते बारीक लोखंडी केस पिळात अडकून राहिले तर पावसाळ्यात गंजतात आणि बटणावर तांबेऱ्याचे ठिपके पडतात. मग नांगराच्या माथ्यावरून आणि दोराच्या वरच्या कडेवरून कोरडं स्टील वूल दोनदाच फिरवलं, म्हणजे उंचवट्यावर किंचित तांबूस पितळ उघडं पडलं. खरं जुनं पितळ असंच झिजतं, हाताला लागतं तिथे उजळ, खाचेत काळं. हेअर ड्रायरने बटण कोमट करून बिनरंगी पॉलिश चोळलं. कोमट धातूवर मेण पातळ होऊन खोबणीत शिरतं. लॅकर मुद्दाम टाळलं. त्याचा टवका उडाला की फक्त तेवढाच भाग काळवंडत जातो. मेण नुसतं झिजतं, पुन्हा लावता येतं.

तारेच्या कड्या जुन्या, दोन ठिकाणी धार आलेल्या. दोरा कापला गेला असता, म्हणून कानशीने धार मोडली, मेण लावलेला दुहेरी दोरा घेतला आणि पुढच्या सहा बटणांना आतून छोटी चपटी बटणं लावली, म्हणजे ओढ कापडावर येत नाही.

काका न्यायला आले. ब्लेझर उजेडात नेऊन एकेक बटण पाहिलं, चष्मा कपाळावर चढवून. सगळी अगदी एका रंगाची नव्हती. पुढच्या सहांपैकी खालचं डावं जरा लालसर होतं. मी म्हटलं, परत करून देते. "राहू द्या," ते म्हणाले, "जहाजावर एका पाइपलाइनचे दोन व्हॉल्व्ह कधी एका रंगाचे नसतात." काकूंनी विचारलं, घरी काय करायचं. काही करायचं नाही, हेच उत्तर. ब्रासो तर नाहीच. कोरड्या फडक्याने पुसायचं, वर्षातून एकदा मेण.

पुढच्या पावसाळ्यात

जुलैमध्ये काका दुसऱ्याच कामासाठी आले तेव्हा ब्लेझर बरोबर आणायला सांगितलं होतं. सातएक वेळा घातला होता. जे बटण ते दर वेळी लावतात त्याचा उजवा काठ, काजात घासतो तिथे, पिवळा उजळला होता, चिमटीत धरायची जागाही. बाकीची पाच डिसेंबरमध्ये होती तशीच. बाहीची सहा त्यापेक्षाही बरी. कापडावर कुठेही डाग नाही, कड्यांच्या बुडाशी हिरवं नाही. उजळलेलं बटण परत गडद करू का, असं विचारलं. ते नको म्हणाले.

मग मी खिडकीतलं परीक्षेचं बटण त्यांच्या हातावर ठेवलं. तेच, बुडवलेलं. तोंडाचा रंग अजून छान होता, पण दुमडलेल्या काठाभोवती पूर्ण गोल हिरवी रेघ फुटली होती आणि मागे कडीच्या बुडाशी हिरवी भुकटी. काकांनी ते उलटसुलट केलं, नखाने भुकटी खरवडली, वास घेतला. "आतून चाललंय अजून," म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून त्यात ते गुंडाळायला लागले. मी त्यांना झिपची प्लॅस्टिकची पिशवी दिली. काकूंच्या डब्यातल्या बाकीच्या बटणांना ते लागू नये म्हणून.